नेता दोषी की रूढी? जेफर्सन, कोल्स आणि ‘द लॉटरी’

तुम्ही एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि अमेरिकन साहित्याच्या पेपरचा अभ्यास करताना तुम्हाला तीन प्रश्न पडले आहेत. पहिला असा की शर्ली जॅक्सन यांच्या ‘द लॉटरी’ या कथेत गावाला कुणी जुलमी नेता नाही, तरी दरवर्षी सोडतीच्या चिठ्ठ्या काढून निवडलेल्या एका माणसाला दगडांनी ठेचलं जातं, मग दोष कुणाचा? दुसरा, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘सर्व माणसं समान जन्माला येतात’ असं लिहिणारा थॉमस जेफर्सन जन्मभर गुलाम बाळगतो. त्याला ढोंगी म्हणायचं, की ‘तो त्याच्या काळाचा माणूस होता’ असं म्हणून सोडून द्यायचं? आणि तिसरा, नेता बदलला की अन्याय थांबतो का? जाता जाता तुम्ही हेही विचारलंत की एखादा माणूस एकटा उभा राहून काही बदलतं का.

मी चोवीस वर्षं हा पेपर शिकवते आहे. माझ्या मते तुमचे तिन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. चालत आलेल्या गोष्टीला ‘हे का?’ असं विचारायची पाळी कुणाची? गावाला वाटतं ते पुढाऱ्याचं काम. पुढारी म्हणतो, लोक तयार झाले की बघू. म्हातारे तरुणांवर सोपवतात आणि तरुणांनी वाढता वाढता ती गोष्ट अंगवळणी पाडून घेतलेली असते. ‘नेता की परंपरा’ अशी वाटणी करून लिहायला बसलात तर उत्तर अडकेल. ही पाळी कुणी कशी टाळली, आणि एखाद्यानं ती घेतली तर त्याला काय मोजावं लागलं, हे शोधत गेलात तर कथा आणि इतिहास दोन्ही उलगडतील.

कथेपासून सुरू करू, कारण तिथलं गाव जेमतेम तीनशे माणसांचं आहे आणि सगळं डोळ्यांसमोर घडतं. २७ जूनची सकाळ आहे, लख्ख ऊन पडलंय, मुलं चौकात दगड गोळा करताहेत. तुम्ही म्हणता गावाला नेता नाही. मला वाटतं नेता आहे, आणि तो आपल्याला नेता वाटत नाही यातच लेखिकेचं कसब आहे. सोडत चालवणारे समर्स हे कोळशाचे व्यापारी. गावातले नाचाचे कार्यक्रम, तरुण मुलांचं मंडळ, हॅलोविनचा सोहळा, सगळं तेच बघतात, कारण त्यांच्याकडे वेळ आहे आणि सार्वजनिक कामाची हौस आहे. सोडत याच कामांच्या रांगेत बसलेली आहे. त्यांनी तिच्यात सुधारणाही केली. पूर्वी पेटीत लाकडाच्या ढलप्या असायच्या, गाव वाढलं तशा त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या आणल्या. दहाला सुरू होणारी सोडत दोन तासांच्या आत आटोपते आणि लोक दुपारच्या जेवणाला घरी पोचतात. काळी पेटी जुनी झाली, आता नवी करून घेऊ, हे बोलणंही दरवर्षी निघतं. सोडत कशी चालावी यावर गावात पुष्कळ विचार होतो. ती का चालावी, हा विषयच कामकाजात नाही.

सार्वजनिक पुढारीपणाचं इतकं नेमकं चित्र मी फार कमी ठिकाणी वाचलं आहे. समर्स क्रूर नाहीत. ते कामाला चोख आहेत, आणि चोख कारभारामुळेच ती गोष्ट टिकते.

वर्गात मी एक काम देते. पेन्सिल घ्या आणि सोडतीच्या विरोधात जाणारं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. मुलांना वाटतं असं वाक्य एकही सापडणार नाही, पण सापडतात. चिठ्ठ्या काढणं चालू असताना अॅडम्स नावाचा गृहस्थ शेजारच्या म्हाताऱ्या वॉर्नरला सांगतो की उत्तरेकडच्या गावात सोडत बंद करायचं बोलणं चाललंय. त्याची बायको भर घालते, काही गावांनी तर केव्हाच सोडून दिली. वॉर्नर भडकतो, ‘वेडे लेकाचे’ म्हणतो, जून महिन्यातली सोडत आणि मक्याचं पीक यांची जुनी म्हण ऐकवतो आणि ही आपली सत्त्याहत्तरावी वेळ असल्याचं अभिमानानं सांगतो. म्हणजे प्रश्न गावात येऊन पोचलेला आहे. फक्त तो ‘तिकडचे लोक असं म्हणतात’ या रूपात आला आहे आणि बोलणाऱ्यानं त्यावर आपली सही केलेली नाही. मग मी मुलांना शेवटच्या ओळींकडे जायला सांगते. दगड घेतलेल्या जमावात पुढे कोण आहे? स्टीव्ह अॅडम्स. तोच, ज्यानं बातमी आणली होती. दरवर्षी या ठिकाणी वर्ग काही क्षण गप्प होतो.

शेवटी जिच्यावर सोडत येते त्या टेसी हचिन्सनबद्दल मात्र सावध राहा. बरीच वर्षं मी तिला बंड करणारी बाई म्हणून शिकवलं, कारण ‘हे बरोबर नाही’ असं गावात मोठ्यानं म्हणणारी ती एकटीच. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पण तिनं स्वतःच्या लेकीला आत ओढलं ना?” मी पुन्हा वाचलं. चिठ्ठी हचिन्सन घराण्यावर येते तेव्हा टेसी ओरडते, जावई डॉन आणि लेक ईव्हालाही मोजा. समर्स समजावतात, लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या घराण्यात मोजल्या जातात. माझ्या वर्गातल्या मुलींना हा नियम समजावून सांगावाच लागत नाही, तो त्यांनी घरी ऐकलेला असतो. ईव्हा त्यांच्यात मोजली गेली असती तर टेसीवर पाळी येण्याची शक्यता तेवढी कमी झाली असती. तिची तक्रार सोडतीबद्दल नाहीच, नवऱ्याला चिठ्ठी निवडायला पुरेसा वेळ दिला नाही याबद्दल आहे. सकाळी ती हसत हसत, उशीर झाला म्हणत गर्दीत शिरली होती. सोडत दुसऱ्या कुणाच्या दारात गेली असती तर तीही दगड उचलून उभी राहिली असती.

तक्रार आणि प्रश्न यांतला हा फरक तुमच्या उत्तराचा कणा होऊ शकतो. तक्रार ‘माझ्यावर का?’ म्हणते. प्रश्न ‘कुणावरही का?’ असं विचारतो.

कथा ‘द न्यू यॉर्कर’च्या २६ जून १९४८ च्या अंकात छापून आली आणि त्या उन्हाळ्यात लेखिकेला तीनशेहून जास्त पत्रं आली. काही वाचकांनी शिव्या घातल्या. पण काहींना एवढंच हवं होतं की असल्या सोडती कुठे होतात आणि तिथे जाऊन बघता येतील का. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती, छळछावण्यांची छायाचित्रं त्या वाचकांच्या नजरेखालून गेली होती. तरी ‘बघायला जाता येईल का?’

आता जेफर्सन. इथे परिस्थिती धरूनच बोलावं लागतं. व्हर्जिनियात १७८२ पासून मालकाला गुलाम मुक्त करता येत होते. पण १८०६ च्या कायद्यानुसार मुक्त झालेल्या माणसानं बारा महिन्यांत राज्य सोडायचं, नाहीतर तो पुन्हा गुलाम होऊ शकत होता. शिवाय जेफर्सन कर्जात बुडालेला होता. मरताना त्याच्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं आणि त्या जगात गुलाम ही तारण मालमत्ता होती. हे सगळं खरं आहे आणि उत्तरात यायला हवं. पण ‘काळाचा माणूस’ एवढ्यावर थांबू नका, कारण त्याच काळात त्याच राज्यातल्या रॉबर्ट कार्टर या मोठ्या जमीनदारानं १७९१ मध्ये दस्त करून साडेचारशेहून अधिक गुलाम टप्प्याटप्प्यानं मुक्त केले. त्याच वर्षी पंचांग करणारा कृष्णवर्णीय गणिती बेंजामिन बॅनेकर यानं जेफर्सनला पत्र लिहून त्याच्याच जाहीरनाम्यातल्या ओळी त्याच्यासमोर धरल्या. जे गुलाम होते तेही त्याच काळाची माणसं होती. ‘त्या काळात असंच वाटायचं’ असं आपण म्हणतो तेव्हा नकळत त्यांना मोजणीतून वगळतो.

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते एका पत्रव्यवहारानं. जुलै १८१४ मध्ये एडवर्ड कोल्स या सत्तावीस वर्षांच्या तरुणानं जेफर्सनला पत्र लिहिलं. कोल्स व्हर्जिनियातल्या जमीनदार घरातला, राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचा खाजगी सचिव. वडिलांकडून त्याला गुलाम वारशानं मिळाले होते. कॉलेजात असतानाच त्याचं मत ठरलं होतं की माणूस माणसाची मालमत्ता होऊ शकत नाही, पण वडील जिवंत असेतो तो गप्प राहिला, कारण बोलला असता तर हे गुलाम त्याच्या वाट्याला आलेच नसते आणि त्याला त्यांना सोडवता आलं नसतं. पत्रात त्यानं जेफर्सनला विनंती केली की गुलामी क्रमाक्रमानं संपवण्याची एखादी योजना तुम्ही मांडा, तुमचा शब्द लोक मानतील.

ऑगस्टमध्ये जेफर्सनचं उत्तर आलं. ते अतिशय सुंदर पत्र आहे आणि म्हणूनच मला वाचताना त्रास होतो. तो मान्य करतो की गुलामी नैतिकदृष्ट्या चूक आहे आणि ती कधीतरी संपणारच. मग लिहितो की हे काम तरुणांचं आहे, माझ्याकडे या कामासाठी प्रार्थना आहेत आणि म्हाताऱ्याजवळ तेवढंच शस्त्र असतं. वर कोल्सला सल्ला देतो की आपले गुलाम आणि आपलं राज्य सोडून जाऊ नकोस, इथेच राहून हळूहळू लोकमत वळव. तेव्हा जेफर्सन एकाहत्तर वर्षांचा होता. कोल्सनं सप्टेंबरमध्ये नम्रपणे पण नेमकं उत्तर दिलं: फ्रँकलिन तुमच्या वयापुढे गेल्यावरही असलीच अवघड कामं करत होते. आणि ते खरंच होतं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मृत्यूच्या दोन महिने आधी, गुलामीविरुद्धच्या अर्जावर सही करून तो अमेरिकेच्या काँग्रेसला पाठवला होता.

हे पत्र वाचताना मला अॅडम्स आठवतो. ‘उत्तरेकडची गावं सोडत बंद करताहेत’ आणि ‘हे काम पुढच्या पिढीचं’ या दोन वाक्यांत एक धागा समान आहे. प्रश्न दोघांनाही कळलेला आहे. एकानं तो दुसऱ्या गावावर ढकलला, दुसऱ्यानं दुसऱ्या काळावर. त्यामुळे जेफर्सनला नुसता ढोंगी म्हणणं मला अपुरं वाटतं. ढोंगी माणूस मनातून मानत नसतो, जेफर्सन मानत होता. मानूनही आयुष्य तसंच चालू ठेवता येतं, हे जास्त गंभीर आहे. त्याच्या मृत्यूनंतर, जानेवारी १८२७ मध्ये, मॉंटिसेलोच्या त्याच्या घरी कर्ज फेडण्यासाठी लिलाव झाला. जाहिरातीत एकशे तीस माणसं होती.

कोल्सनं काय केलं ते सांगते, कारण परीक्षेच्या उत्तरांत तो सहसा येत नाही आणि आला पाहिजे. १८१९ च्या वसंतात तो गुलाम कुटुंबांना घेऊन इलिनॉयला निघाला. त्यांना मुक्त करायचं ठरवलं आहे, हे त्यानं त्यांना सांगितलं नव्हतं. पिट्सबर्गच्या पुढे ओहायो नदीत सपाट तळाच्या होड्या एकमेकींना बांधून वाहत चालल्या होत्या. त्यानं सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं की तुम्ही आत्तापासून मुक्त आहात, माझ्यासोबत पुढे या किंवा इथेच काठावर उतरा. ते एकमेकांकडे आणि त्याच्याकडे बघत राहिले, काही वेळ कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. (हे वर्णन कोल्सनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे, हे उत्तरात जरूर नोंदवा.) इलिनॉयमध्ये त्यानं प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १६० एकर जमीन दिली. कारण नुसतं ‘जा, मोकळे आहात’ म्हणून मोकळीक मिळत नाही, पोटापाण्याचं काय, हे त्याला कळलेलं होतं. मोबदल्यात त्याच्यावर खटला झाला. मुक्त केलेल्या माणसांसाठी सरकारात जामीन भरला नाही म्हणून दोन हजार डॉलरचा दंड सुनावला गेला, जो पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. खटल्याच्या आधीच, १८२२ मध्ये, तो इलिनॉयचा गव्हर्नर झाला होता. राज्यघटना बदलून तिथे गुलामी आणायचा घाट घातला गेला तेव्हा त्यानं आपलं पद, लेखणी आणि पगार या लढ्यात घातला. ऑगस्ट १८२४ च्या मतदानात तो घाट हरला.

इथवरचं थोडक्यात सांगते. समर्स कारभार नीट करतो आणि विचारत नाही. अॅडम्स ऐकीव प्रश्न पुढे सरकवतो. टेसी स्वतःवर आल्यावर तक्रार करते. जेफर्सन विचारतो आणि तारीख पुढची देतो. कोल्स विचारतो आणि किंमत भरतो.

तिसरा प्रश्न, नेता बदलला की अन्याय थांबतो का. काही वेळा थांबतोही. लिंकन नसते तर १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा त्या दिवशी निघाला नसता. १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाली, पुढे चौदावी, पंधरावी. नेता, कायदा, राज्यघटना, सगळं बदललं. तरी १८९६ मध्ये प्लेसी खटल्याचा निकाल लागला. लुईझियानात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे ठेवण्याचा कायदा होता. होमर प्लेसीनं १८९२ मध्ये ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसून अटक करवून घेतली. रेल्वे कंपनीलाही हा कायदा नको होता, कारण जास्तीच्या डब्यांचा खर्च तिच्यावर पडत होता. सात विरुद्ध एक मतांनी सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. निकालपत्रातली एक ओळ तुमच्या विषयासाठी लाखमोलाची आहे. न्यायमूर्ती ब्राउन लिहितात की कायदा वाजवी आहे की नाही हे ठरवताना विधिमंडळाला लोकांच्या प्रस्थापित चालीरीती, रूढी आणि परंपरा लक्षात घेण्याची मुभा आहे. म्हणजे ज्या रूढीबद्दल दाद मागायला माणूस कोर्टात गेला होता, तीच रूढी कोर्टानं साक्षीला बोलावली! हे मी फळ्यावर लिहिते आणि शेजारी वॉर्नरचं ‘सोडत कायमच होती’ हे वाक्य लिहिते.

एकटे विरोधात गेले ते न्यायमूर्ती हार्लन, केंटकीच्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात वाढलेले. त्यांचं विरोधी मतपत्र थोर आहे. पण त्याच मतपत्रात चिनी लोकांबद्दलचा तुच्छतेचा मजकूरही आहे. दोन्ही लिहा. एका रूढीला हात घालणाऱ्याच्या खिशात दुसरी रूढी असू शकते.

रूढी चालते कशी, हे दाखवायला मी एक छोटा तपशील नेहमी देते. १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्यानुसार पकडलेल्या माणसाचा निर्णय एक आयुक्त करायचा. त्यानं माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर त्याला दहा डॉलर फी, सोडून दिला तर पाच. कारण दिलं जायचं की ताब्यात द्यायला कागदपत्रं जास्त लागतात. त्या आयुक्ताला गुलामीवर श्रद्धा असण्याची गरज नव्हती. त्यानं फॉर्म भरला, फी घेतली, घरी गेला. अन्यायाचे असे बारीक तुकडे पाडले की प्रत्येकाच्या हातात फक्त आपापलं काम उरतं.

आणि रूढी शेवटी कुठे जाऊन बसते, याचं उत्तर इतिहासापेक्षा साहित्यानं जास्त स्वच्छ दिलं आहे. मार्क ट्वेन यांच्या कादंबरीतला हक फिन हा मुलगा पळून आलेल्या गुलाम मित्राला, जिमला, पकडून देण्यासाठी त्याच्या मालकिणीला पत्र लिहितो, आणि मग ‘ठीक आहे, मी नरकात जाईन’ म्हणत ते फाडतो. मुलं टाळ्या वाजवतात. मी विचारते, हकला इथे गुलामी चूक वाटते का? नाही. त्याला स्वतःचंच चुकतंय असं वाटतं. आपण पाप करतो आहोत या खात्रीनं तो जगातलं सर्वांत चांगलं काम करतो. रूढी त्याच्या सदसद्विवेकाच्या जागी जाऊन बसली आहे, आणि तिच्याविरुद्ध उभं राहायला त्याच्याजवळ फक्त तराफ्यावरचे दिवस आहेत, जिमनं त्याला झोपू देऊन त्याचा पहारा स्वतः केला ती रात्र आहे.

मराठी वाचक म्हणून तुमच्या हाताशी एक दुवा आहे, तो वापरा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल. लिंकनचं नाव जगभर झालेलं असताना जोतीरावांनी अर्पणपत्रिकेत लोकांना मान दिला, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा धरली. मला हे फार विचारपूर्वक केलेलं वाटतं. प्रश्न विचारायची पाळी ते कुणा एकावर टाकत नव्हते.

उत्तर लिहिताना कथेतली दोन आणि इतिहासातली दोन उदाहरणं पुरेत. जेफर्सन आणि कोल्स यांची तिन्ही पत्रं एका बैठकीत वाचा, छोटी आहेत. त्यानंतर ‘द लॉटरी’ पुन्हा वाचा आणि पेन्सिलचं काम स्वतः करा. लिंकनचं कौतुक जमल्यास दोन ओळींत आटपा, परीक्षकानं ते शंभर वेळा वाचलेलं असतं.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की एखादा माणूस एकटा उभा राहून काही बदलतं का. इलिनॉयचं मतदान आणि ओहायो नदीवर मुक्त झालेल्या त्या कुटुंबांची जमीन हे माझं एक उत्तर. दुसरंही सांगायला हवं. कोल्स पुढे फिलाडेल्फियात स्थायिक झाला. तिथे वाढलेला त्याचा एक मुलगा वाडवडिलांच्या व्हर्जिनियात परत गेला, यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात भरती झाला आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये रोआनोक बेटावरच्या लढाईत मारला गेला. तेव्हा म्हातारे एडवर्ड कोल्स जिवंत होते.